तुटक्या बीजाणूचं नाव

कोळशाच्या पोटात कोट्यवधी वर्षं निजलेले बुरशीचे बीजाणू, मोहरीच्या दाण्याला लाजवतील इतके बारीक; पण लखनौच्या त्या प्रयोगशाळेत त्यांच्यापायी जागत्या माणसांची झोप उडे. उर्मिला निगमची उडाली होती. बावीस वर्षं मायक्रोस्कोपला डोळा लावून बसली ती, आणि नवी जात सापडली कुणाला, तर कालपरवा आलेल्या तहसीन रिज़वीला. दोन पेशींचा तपकिरी बीजाणू, टोकाला भोक. साहेबांनी बालूशाही वाटली. उर्मिलेचा तुकडा कागदातच राहिला, मुंग्यांनी खाल्ला.

मत्सराचंही बुरशीसारखंच. आज पोळीवर एक ठिपका, उद्या पोळी तिची.

मे महिन्यात, तहसीनचा बीजाणू निघाला त्याच खाणीच्या कोळशात उर्मिलेला चार पेशींचा अखंड बीजाणू दिसला. त्याचा अर्धा भाग हुबेहूब तहसीनचा. म्हणजे पोरीने तुकड्यालाच जात ठरवलं होतं, आणि तिचं ते भोक म्हणजे मोडलेली कड होती. उर्मिलेने काचपट्टीवर चिठ्ठी डकवली, तारीख घातली आणि पट्टी खणात ठेवून कुलूप लावलं. पडू दे जगासमोर तोंडघशी.

जूनमध्ये तहसीन आपल्या लेखाचे छपाईचे कागद घेऊन आली. "दीदी, एकदा नजर टाका ना. तुमच्या डोळ्याखालून गेलं की मला घोर नाही."

उर्मिला बराच वेळ वाचत राहिली. "छान आहे गं. जाऊ दे छापायला."

थंडीत तहसीनच्या लेखाचा अंक आला. उर्मिलेने खण उघडला, लिहायला बसली. अखंड बीजाणूला आईचं नाव द्यायचं ठरवलं होतं. त्या ओळीपाशी लेखणी थबकली. जे नाव आधी छापलं तेच खरं, मग ते तुटक्या अर्ध्याला का दिलेलं असेना! हा नियम तिनेच पोरींना घोकून घ्यायला लावला होता, तहसीनलाही. मेमध्ये बोलली असती तर पोरीने आपला लेख आपणच मागे घेतला असता. आता आईचं नाव खोडून तहसीनने दिलेलं नाव लिहायचं.

तहसीनला बोलवावंच लागलं. तिने भिंगातून पाहिलं, पुन्हा पाहिलं, आणि हसली. "म्हणजे मी अर्धाच पाहिला होता. बरं झालं, दीदी, तुम्हाला पुरा सापडला."

मग पट्टी काढताना तिची नजर चिठ्ठीवर गेली. तारीख उर्मिलेच्या वळणदार अक्षरात होती.

"मे?"

उर्मिलेने खण आत लोटला.

तहसीनने पट्टी कडांनी धरली, उर्मिलेने शिकवलं होतं तशी, आणि हळूच डबीत ठेवली. दारापाशी जाऊन वळली.

"चहा सांगू का, मॅडम?"