सतरावा खिळा

निवृत्तीनंतर लष्करच्या भाकऱ्या भाजायची मला भारी हौस, म्हणून आमच्या गावातल्या जुन्या घोडाबसचा इतिहास लिहायचं काम मी आपणहून अंगावर घेतलं. गावात आता घोडा औषधालाही सापडायचा नाही. त्या बसची एक रीत होती: चढताना कंडक्टर प्रत्येकाच्या हातात नंबर कोरलेला पितळी बिल्ला द्यायचा, उतरताना परत घ्यायचा, आणि तबेल्यातल्या फळीवरच्या चोवीस खिळ्यांना चोवीस बिल्ले लागल्याशिवाय घोडे सोडायचे नाहीत. बिल्ला परत आला नाही, तर उतारू अजून गाडीतच आहे असं धरायचे.

ती फळी आता वाचनालयात आहे. त्यातला सतरावा खिळा तेवढा रिकामा होता, कारण सतरा नंबरचा बिल्ला आमच्या घरी, आईच्या उशीखाली होता. त्या बसच्या अगदी शेवटच्या फेरीला सहा वर्षांची आई तो मुठीत घेऊन वळणावर उडी मारून पळाली होती.

आई आता चौऱ्याऐंशीची. चार वर्षांत तिने पलंगावरून पाय खाली टेकला नव्हता. कठडा धरून ती झोपेतसुद्धा किंचित डुलत राहायची, आणि खोलीत कोणी आलं की विचारायची, "आलं का आपलं?" आम्ही "अजून नाही" म्हटलं की तिचं समाधान व्हायचं.

वाचनालयातल्या प्रदर्शनासाठी मी बिल्ला मागितला, तेव्हा मात्र तिने उशीखाली हात घालून मूठ आवळली.

"तो दिला की उतरावं लागतं रे."

"दोन दिवसांत परत आणतो, आई."

"दिलेला परत देत नाहीत."

हट्टीपणा आमच्या घराण्यातच आहे. दुपारी तिचा डोळा लागल्यावर मी उशीखाली हात घातला. साठी उलटलेल्या मुलाने आईच्या उशाखालून चोरी करावी, सांगायलाही लाज वाटते.

वाचनालयात मी बिल्ला खिळ्याला अडकवला. तो जरा हलला आणि थांबला. ग्रंथपाल म्हणाले, "चला, झाली एकदाची गाडी रिकामी." मी हसलोसुद्धा.

घरी आलो तर बायको दारातच उभी होती. आई गेली होती, झोपेतच.

"खोलीत गेले तर डुलणं थांबलेलं," मला आईच्या पलंगापाशी नेत ती म्हणाली.

"माझ्यामुळे झालं हे. मी बिल्ला नेला."

"काहीतरीच काय. वय झालं होतं त्यांचं."

बोलताना ती माझ्याकडे बघत नव्हती, आईच्या पायांकडे बघत होती. मी चादर सरकवली. चार वर्षं जमिनीला न लागलेले ते तळवे ओल्या चिखलाने माखले होते, आणि त्या चिखलात ताजी लीद होती.

"बादली आण," मी बायकोला म्हणालो. "कोणी यायच्या आत धुवून टाकू."