कागदावर नसलेला आड

मी आड आहे, मित्रांनो, पण नगरपंचायतीच्या कागदावर मी नव्हतो. वसमतकडच्या एका गावात, जनकाबाईच्या घरामागे, सात पुरुष खोल मी होतो आणि तरीही नव्हतो.

विहिरी खणणारा लखमा आणि त्याच्या भावांनी मला खणलं, काळ्या दगडानं बांधलं. पहिलं पाणी लागलं तेव्हा गल्लीत गूळ वाटला होता. उन्हाळ्यात नळ रुसले की सारी गल्ली माझ्याकडे यायची. बाया माझ्या पाण्याचं कौतुक करायच्या आणि मी शेफारून जायचो.

मग जनकाबाईची रुपा, आठ वर्षांचं पोर, दोरासकट निसटलेली बादली धरायला वाकली. मी खोल होतो, एवढाच माझा गुन्हा, पण तो मला अजून झोपू देत नाही. तिचं एक पैंजण माझ्या गाळात आहे. लोक म्हणाले, आड बुजवून टाका. जनकाबाई आडवी आली. "न्हाई. माझं लेकरू तिथं हाय. त्यावर माती टाकू देनार न्हाई."

माझ्या तोंडावर सागाच्या फळ्या बसल्या, बादलीपुरतं झाकण राहिलं. रोज सकाळी ती झाकण उचलायची, दोन बादल्या काढायची आणि आत वाकून रुपाशी बोलायची. पोरगी लगेच गेली, तिला तकलीफ झाली नाही, असं सगळ्यांनी तिला सांगितलं होतं. मला खरं ठाऊक होतं.

गेल्या वर्षी माझ्याभोवतीची ही मोकळी जागा सोमेश्वर नावाच्या माणसानं घेतली आणि दुकानं बांधायला परवानगी मागितली. नगरपंचायतीचा अभियंता पाहणीला आला तो नेमका हळदीच्या दिवसांत. जनकाबाईनं माझ्या फळ्यांवर ताडपत्री टाकून शिजवलेली हळद वाळत घातली होती. साहेब कशाला आलेत, हे त्या बापडीला कुणी सांगितलं नाही.

"सायेब, तेवढं हळदीवर पाय देऊ नका," ती म्हणाली.

साहेब भले माणूस. लांबूनच फिरले आणि लिहून गेले, "हळद वाळवण्याचा ओटा."

माझ्यावरून दुकानांच्या पायाची चुन्याची रेघ पडली तेव्हा जनकाबाईला कळलं. तिनं तक्रार दिली. आडाची तक्रार म्हणून तो अर्ज पाणीपुरवठ्याच्या टेबलावर गेला आणि महिनाभर तिथंच पडून राहिला. दुसऱ्या खेपेला साहेब रजेवर होते. तिसऱ्या खेपेला शेजारची मंजुळाबाई सोबत गेली. पुढचं तिनंच माझ्या काठाशी बसून गल्लीतल्या बायांना सांगितलं.

उद्धव नावाचा कारकून म्हणाला, "काकू, कागदावर आड न्हाई. काही लेखी पुरावा हाय का?"

"पुरावा? अरे, मी रोज पानी काढून राहिले की!"

"ते बराबर हाय, पण लेखी पाहिजे."

जनकाबाई घरी आली. ट्रंकेच्या तळातून पोलिसांचा जुना पंचनामा काढला. तिला वाचता येत नव्हतं आणि कुणाकडून वाचून घ्यायचा धीर तिला कधी झाला नव्हता. तो तिनं परत जाऊन उद्धवपुढं ठेवला. तो मोठ्यानं वाचू लागला. "घरामागील आडात मुलीचे प्रेत मिळून आले. उजव्या मुठीत बादलीचा दोर घट्ट धरलेला..."

तो थांबला. "काकू, पुरे. आड लिहिलेला हाय."

"वाच बाबा," जनकाबाई म्हणाली. "समदं वाच."

काम थांबलं. अभियंता पुन्हा आला, झाकण उचलून आत पाहिलं आणि लिहिलं, "आड अस्तित्वात आहे." मी आहे याचा एकच पुरावा निघाला, मित्रांनो, माझ्यात बुडालेलं लेकरू.

आता जनकाबाई पाणी काढते, झाकण लावते आणि काही न बोलता जाते.

मित्रांनो, उद्या तुमच्यापैकी कुणी साहेब होईल. तेव्हा मातीवर उभं राहून लोकांना विचारत जा. त्या दिवशी साहेबांनी "ताडपत्रीखाली काय आहे, बाई?" एवढंच विचारलं असतं, तर त्या आईला ती मूठ कधीच कळली नसती.