टिटवीचा काळ

मी एक कालरेषा आहे. तुमच्या इतिहासातली एकही लढाई माझ्यावर सापडणार नाही. माझ्यावर आहे तो ‘टिटवी’ नावाच्या अंतराळयानाचा काळ, आणि ते यान फक्त रेडिओवर उडतं.

ध्वनिमुद्रणाच्या खोलीला लागून लेखकांची खोली आहे, तिथे माझा जन्म झाला. मालिका एकच गृहस्थ लिहीत, त्यांना सगळे दादा म्हणत. त्यांनी छापखान्यात उरलेली कागदाची गुंडाळी आणली, खिडकीपासून भिंतभर चिकटवली आणि एक रेघ ओढली. खिडकीपाशी लिहिलं, ‘टिटवीचं उड्डाण’. भिंत संपते तिथे लिहिलं, ‘सन २३०७. टिटवीचा शेवटचा संदेश पृथ्वीवर येतो.’ आणि पुढे काळी फुली मारली.

“इथवर कोण टिकतंय!” म्हणून ते हसले. पण उत्साहाच्या भरात पहिल्याच भागात निवेदकाच्या तोंडी त्यांनी ते वाक्य घालूनही टाकलं.

आता या खोलीचा रिवाज असा, की एकदा ऐकवलेलं खोडायचं नाही. चूक झाली, तर ज्याची चूक त्यानेच गोष्ट लिहून ती निस्तरायची. एकदा यानावरचा आचारी एकाच दिवशी स्वतःच्या लग्नातही होता आणि दुसऱ्या ग्रहावर तुरुंगातही. दादांनी कपाळाला हात लावला आणि त्याला जुळा भाऊ दिला. तो भाऊ इतका लाडका झाला, की आचाऱ्याची विचारपूस करणारं कुणी उरलं नाही.

दादांची लेक लहानपणी माझ्याखाली खडू घेऊन बसायची. तिने माझ्यावर एक जांभळा ग्रह काढला. दादांनी तोही ठेवला, आणि पुढे टिटवी तिथे उतरली. मोठी होऊन ती शिकायला लांब गेली. कधीतरी वर्षा-दोन वर्षांनी उगवायची, म्हणून तिचं नाव ‘धूमकेतू’ पडलं. हे नाव ठेवलं यानाच्या कप्तानाला आवाज देणाऱ्या बाईंनी. त्यांना सगळे, अगदी कँटीनवालासुद्धा, कप्तानच म्हणत. लेकीला आई नव्हती, म्हणून कप्तानच तिच्या मावशी झाल्या होत्या. लेकीचे मेसेज त्या माझ्याजवळ उभ्या राहून मोठ्यांदा वाचत. मलाही लांबच्या जगाची खबर मिळायची.

मग दादा गेले. नवे लेखक आपल्या तारखा संगणकात ठेवू लागले. माझ्यावर कपाट सरकवलं गेलं आणि माझी कितीतरी दशकं त्याच्यामागे धूळ खात पडली. माणसं भविष्याच्या गप्पा भरभरून मारतात, पण कपाट ठेवायला जागा लागली की पहिलं तेच अडगळीत जातं!

लेक कायमची परतली, मालिका लिहू लागली, आणि गोष्ट चालत चालत २३०७ला येऊन थडकली.

केंद्राचे व्यवस्थापक म्हणाले, “दादांनीच शेवट लिहून ठेवलाय. छान निरोप देऊ आणि बंद करू.”

ते गेल्यावर लेकीने व्हाइटनरची बाटली उघडली. तिचा हात माझ्या फुलीवर आला. मी श्वास रोखला. कागदाला श्वास असतो की नाही, ते सोडा.

“ए, काय करतेस?” कप्तान दारातूनच ओरडल्या.

“मावशी, एका फुलीने कुणाचं काय अडलंय? कुणाच्या लक्षातही नाही.”

“माझ्या आहे. आणि आचाऱ्याच्या भावाला काय तोंड दाखवशील?”

“चेष्टा नको गं! माणसं अजून कुठे तरी नीट राहू शकतील, हे लोकांना सांगणारं दुसरं काय आहे? सगळं सोडून मी परत आले, ती काय टिटवी बुडवायला?”

कप्तान खुर्चीत बसल्या. त्यांचाही आवाज या फुलीपाशी संपणार होता. तरी त्या शांतपणे म्हणाल्या, “परत आल्यापासून मला एक तरी मेसेज केलास?”

“तुला कशाला? रोज तुझ्याकडेच तर जेवते!”

“मग शेवटचा कुठला केला होतास?”

लेकीने कुरकुरत फोन काढला. “‘पोचतेय. चहा टाक.’”

ती थांबली. फोनकडे पाहिलं, मग माझ्याकडे. बाटलीला झाकण लागलं.

“मावशी... ते घरी येतात! म्हणून पुढे संदेश नाही!”

शेजारच्या खोलीतून डोकावणारा ध्वनिमुद्रक वैतागला. “म्हणजे पृथ्वीवर उतरवणार? त्या जांभळ्या ग्रहाच्या वेळी मी पत्र्याचा डबा आपटला होता. घरी येताना तोच वाजवू?”

व्यवस्थापकांनी गोष्ट ऐकली. “घरी आल्यावर पुढे काय उरतं?”

“पुढेच तर सगळं आहे,” लेक म्हणाली. “एवढं जग बघून आलेली माणसं घरात नुसती बसतील का? किती गोष्टी बदलायला घेतील!”

त्यांनी डोकं खाजवलं. “घ्या एक वर्ष. बघू.”

त्या भागाच्या दिवशी मी भिंतीतून ऐकत होते. कप्तानांचा आवाज जरा थकलेला, पण ठाम होता. “टिटवीकडून पृथ्वीला. पोचतोय. चहा टाका.” ध्वनिमुद्रकाने डबा आपटला नाही. त्याने फक्त एक दार उघडल्याचा आवाज दिला.

आता माझ्यावरचं कपाट हललं आहे. फुली जिथल्या तिथे आहे, आणि तिच्यापुढे नवा कोरा कागद लावलाय. भिंत संपली होती, म्हणून लेकीने तो खोलीच्या दारावरून पलीकडे नेला. माझी एकच विनंती आहे. कुठल्याही काळाला शेवट लिहिलेला दिसला, तर खोडायची घाई करू नका. त्याच्यापुढे काय होऊ शकतं, ते आधी शोधून बघा.

आणि आत येताना दार हळू लोटा. गोंद अजून ओला आहे.