दारावर कोण होतं?

टॉर्चमामाचं टाळकं सरकलं ते शाळेच्या चिठ्ठीमुळे.

नातीच्या दप्तरात ओल्या कपड्यांची पिशवी होती आणि पिशवीला टाचणीने चिठ्ठी लावलेली. 'आपली मुलगी या आठवड्यात चौथ्यांदा वर्गात ओली झाली. शौचालयात जाण्यास नकार देते. सवय लागेपर्यंत तिला घरी ठेवावे.' खाली सही, शिक्का.

"सवय लागेपर्यंत म्हणे! अहो बाई, तीन वर्षांची असल्यापासून एकटी जाते ती. आता पाच पुरी झाली," टॉर्चमामा वर्गाच्या दारातच म्हणाला.

"आजोबा, माझ्याकडे अडतीस मुलं आहेत," बाई म्हणाल्या आणि सदतिसाव्याचं नाक पुसायला वळल्या.

घरी पंधरा दिवस हाच तमाशा चालला होता. नातीला सगळे मुंगी म्हणत, कारण साखरेचा डबा कुठेही लपवला तरी ती हुडकून काढायची. ही मुंगी आता पायाला पाय घट्ट दाबून संडासाच्या चौकटीला धरून उभी राहायची. सून तिला उचलून आत नेई, बाहेरून दार ओढून घेई, आणि आतून अशी किंकाळी येई की टॉर्चमामा हातातला घास परत ताटात ठेवी. "नाटकं आहेत," मुलगा म्हणायचा. "लाडाने डोक्यावर बसलीये." एकदा सुनेने तिला धपाटा घातला आणि मग स्वतःच स्वयंपाकघरात जाऊन रडली. सगळे पोरीला गप्प करत होते. काय झालं म्हणून विचारलं कोणीच नव्हतं. टॉर्चमामानेही नाही.

त्या दिवशी शाळेतून परतताना त्याने विचारलं.

"मुंगे, आत काय आहे गं?"

ती दिव्याचे दोन खांब मोजत पुढे गेली. मग म्हणाली, "आबा, तो हात वर येतो ना, तो आधी पाय धरतो की केस?"

"कुठला हात?"

"भांड्यातला. निळ्या सशाच्या भावाला नेलं ना त्याने."

"कुठे पाहिलंस हे?"

"फोनमध्ये," ती म्हणाली. एवढंही कळत नाही का, अशा सुरात.

टॉर्चमामा एकतीस वर्षं एका थिएटरात डोअरकीपर होता. तिकीट फाडायचं, अर्धं परत द्यायचं, टॉर्चच्या उजेडात खुर्ची दाखवायची. मालकाच्या लेखी काम एवढंच. पण टॉर्चमामाचा स्वतःचा एक नियम होता. नवा सिनेमा लागला की पहिला खेळ तो दाराला पाठ लावून पुरता बघायचा. सुरा कुठे निघतो, प्रेत कुठे उठून बसतं, सगळं ध्यानात ठेवायचा. मग पुढच्या खेळांना पोरं घेऊन येणाऱ्यांना दारातच सांगायचा, "ताई, मध्यंतरानंतरचं दुसरं गाणं संपलं की पोराला बाहेर आणा. बाकावर बसवतो मी त्याला." आणि सिनेमा फक्त मोठ्यांसाठीचा असला, तर विषयच संपला. एकदा एका दांडगट बापाने "माझं पोर, माझा पैसा, तू कोण रे?" म्हणत त्याच्या कानशिलात भडकावली होती. टॉर्चमामा गाल चोळत तिथेच उभा राहिला. पोर काही आत गेलं नाही.

थिएटर कधीच पाडलं गेलं. नाव तेवढं उरलं, आणि खिळ्याला लटकवलेला तो लांब दांड्याचा टॉर्च.

दुसऱ्या दिवशी मुलगा आणि सून कामावर गेल्यावर त्याने मुंगीला शेजारच्या काकूंकडे बसवलं आणि टीव्ही लावला. मुलाचा जुना फोन पोरीचा झाला होता, आणि फोनवर पाहिलेल्या सगळ्याची यादी टीव्हीवरही दिसते हे मुलानेच त्याला कौतुकाने शिकवलं होतं. यादीत एकतीस व्हिडिओ. टॉर्चमामा उभ्यानेच बघत गेला.

सुरुवातीला बदकं मोजायचं गाणं. बरं होतं. मग निळा ससा दात घासतो. तेही बरं. मग निळा ससा अंघोळ करतो. मग पुन्हा निळा ससा, पण हा ससा तो नव्हे. रंग तोच, कान तेच, गाणंही जवळपास तेच. डोळे मात्र मेलेल्या माशासारखे. कोणीतरी सशाचं कातडं पांघरून आत घुसलं होतं. चौथ्या मिनिटाला संडासाच्या भांड्यातून करडा हात वर आला, धाकट्या सशाचा पाय धरला आणि त्याला खाली ओढलं. हाडं मोडल्याचा आवाज. पाणी लाल. आणि थोरला ससा टाळ्या वाजवत हसतोय. वरून तेच नाचरं गाणं. अकरा मिनिटं हेच, वेगवेगळ्या घरांत, वेगवेगळ्या भांड्यांत.

हे काही चुकून झालेलं नव्हतं. कोणीतरी सकाळी दाढी करून, डबा घेऊन कामावर गेलं होतं आणि खुर्चीत बसून हे रंगवलं होतं. पोरं सशाला भुलतात हे त्याला पक्कं ठाऊक होतं. रस्त्यावर एखाद्याने पाच वर्षांच्या पोरीला असलं काही दाखवलं असतं तर लोकांनी त्याची हाडं सैल केली असती. इथे त्या व्हिडिओखाली हजारो अंगठे वर केलेले होते.

टॉर्चमामाने अकराही मिनिटं बघितली. पुढचाही बघितला. एकविसावा संपल्यावर त्याने टीव्ही बंद केला.

संध्याकाळी मुलगा आणि सून पाठोपाठ घरी आले. मुंगी अजून काकूंकडेच होती. त्याने पुढचं दार लावलं, कडी घातली आणि दाराला पाठ लावून उभा राहिला.

"बसा. दोघंही."

"बाबा, पाय तरी धुऊ द्या," मुलगा म्हणाला. तो ऑफिसांमधले कॉम्प्युटर दुरुस्त करायचा आणि घरी आल्यावर घरच्यांना.

"नंतर धू. खेळ सुरू होतोय."

त्याने बटण दाबलं. निळा ससा नाचत आला. सून हसली, "अय्या, हा तर मुंगीचा..." आणि मग हात वर आला. सुनेचं हसू ओठांवरच गोठलं. ती दवाखान्यात दिवसभर लोकांच्या शिरांतून रक्त काढायची, पण या रक्ताकडे तिला बघवेना.

"बरं, कळलं," मुलगा म्हणाला. "बंद करा."

"कडीला हात लावशील तर याद राख. मुंगीने पुरती अकरा मिनिटं बघितलंय. तू बाप आहेस ना तिचा? बस."

दोघं बसले. सातव्या मिनिटाला मुलाने नकळत दोन्ही पाय वर सोफ्यावर घेतले.

"घे, घे वर पाय," टॉर्चमामा कडाडला. "बत्तीस वर्षांचा घोडा तू! पोरगी चौकटीला धरून उभी राहिली की नाटकं, आणि तू पाय वर घेतलेस की काय?"

"मी सेटिंग लावलं होतं, बाबा! फक्त लहान मुलांचंच दिसेल असं. मला काय माहीत ते..."

"सेटिंगला डोळे आहेत? त्या यंत्राने ससा बघितला आणि सोडला आत. उद्या कोणी विदूषकाचा मुखवटा घालून आला तर दार उघडून देशील घराचं? तिने एका मागून एक बघितले, एकही माणूस जवळ नव्हता. एक! दारावर कोण होतं, सांग मला. दारावर कोण होतं?"

 सून बोलली, टीव्हीवरून नजर न काढता, अगदी हळू.

"बाबा, खाली वेळ लिहिलीये."

"कसली वेळ?"

"बघितल्याची. सव्वादोन. त्याच्या आधीचा, दोन वाजून पाच. हा पावणेतीन." तिने रिमोटने यादी खाली सरकवत नेली. "सगळे दुपारचे आहेत. आम्ही कामावर असतो तेव्हा."

टॉर्चमामाने यादीतले एकवीस व्हिडिओ पुरते बघितले होते. आकडे बघितले नव्हते. पहिल्या खेळाला दारात उभं राहून पुरता सिनेमा बघणारा माणूस तो, आणि खेळाची वेळच बघायची राहिली.

दुपारी शाळेतून आणलं, जेवू घातलं की तोच फोन तिच्या हातात द्यायचा. "मुंगे, बदकं बघ हं. आबा जरा पाठ टेकतो." मग चार वाजेपर्यंत घोरायचा. एकतीस वर्षांत तो दारावर कधी स्टुलावरही टेकला नव्हता. आणि स्वतःच्या नातीच्या दारावर चक्क आडवा झाला होता, तोंड उघडं टाकून.

"आता बोला!" मुलाला जोर चढला. "दारावर कोण होतं म्हणे..."

"तुम्ही गप बसा हो," सून फाडकन म्हणाली. "आधी पाय खाली घ्या."

कोणीतरी दार धडाधडा वाजवलं.

"अहो उघडा लवकर!" काकूंचा आवाज. "पोरीला कधीची लागलीये, आमच्याकडे जात नाहीये!"

टॉर्चमामाने कडी काढली. मुंगी पायाला पाय दाबून उभी होती, चेहरा लालबुंद. त्याने खिळ्यावरचा टॉर्च काढला आणि दुसऱ्या हाताने तिला धरलं. संडासाच्या दारात ती थिजली. त्याने आत उजेड टाकला.

"बघ. काही आहे?"

"तो खाली असतो. दिसत नाही."

खरं होतं. टॉर्चचा उजेड वळणापर्यंतच जायचा. टॉर्चमामाने तिच्या हातात टॉर्च दिला, सदऱ्याची बाही खांद्यापर्यंत सारली, गुडघ्यावर बसला आणि हात भांड्यात घातला. कोपरापर्यंत.

"शी, आबा!"

"धर नीट टॉर्च. हलवू नको."

"धरलं का त्याने?"

"धरतोय कुठला! पाणी आहे नुसतं, गार."

मुंगीने वाकून नीट बघितलं. मग टॉर्च त्याला परत दिला. "दार लावू नको. तू इथेच थांब."

"इथेच आहे."

"झोपशील?"

त्याच्या आजवर कानशिलात बसलेली ती दुसरी. पहिली एवढी लागली नव्हती.

"नाही," तो म्हणाला.

"मग तिकडे तोंड कर."

ओला हात अंगापासून लांब धरून तो चौकटीत पाठमोरा उभा राहिला. समोर मुलगा रिमोट घेऊन यादीवर काहीतरी खुडखुडत होता.

"ए! पुसू नकोस ती!" टॉर्चमामा गरजला. "अजून दहा राहिलेत! उद्या तिघांनी इथे बसून बघायचे, पुरते, आणि मग त्या शाळेत जाऊन बाईंना सांगायचं, सवय कसली आणि कोणाची..."

"आबा," आतून आवाज आला, वैतागलेला. "ओरडू नको ना. माझी सू थांबते."

टॉर्चमामाने टॉर्च हलवून मुलाला रिमोट खाली ठेवायची खूण केली.