वातींचा तास

अक्कांनी मांडीवर वळत आणलेली वात मधेच सोडली आणि सोफ्यावर बसलेल्या रेणूकडे मान वर करून पाहिलं.

"पुन्हा बोल. काय करत बसली पोरं?"

"काकू, टवाळकी म्हटलं ते तुम्हाला नाही हो." रेणूने कागदी प्लेटमधला तिळाचा लाडू अर्धा तोडला. "मी टीचरबद्दल बोलतेय. अख्खा पिरियड मुलं कापूस वळत होती. आमचा देव घरी आला तर खिशात ह्या एवढ्या वाती! मी विचारलं, मॅथ्सचं वर्कशीट कुठाय? तर म्हणे, आज दिलंच नाही."

"वाती कशा होत्या?"

"अं?"

"वाती गं. पेटण्याजोग्या होत्या, की नुसत्या शेपट्या काढल्या होत्या?"

रेणूचा नवरा केदार फिस्सकन हसला. बायकोने पाहताच त्याने ते हसू चहाच्या कपात बुडवून टाकलं.

शनिवारची दुपार होती. संक्रांत नुकतीच होऊन गेलेली, आणि शॉमबर्गच्या त्या गल्लीत ड्राइव्हवेच्या कडेचे बर्फाचे ढीग आता काळे पडायला लागले होते. विनय आणि रुपालीने या दोघांना तिळगुळाला म्हणून बोलावलं होतं. पण तिळगूळ नावाला. खरी गोष्ट होती ती सोमवारची. सोमवारपासून रेणूचा देव आणि विनयची रुही, दोघंही दुसऱ्या वर्गात जाणार होती. इयत्ता तीच, दुसरी. फक्त बाई बदलणार होत्या. नव्या बाई दर शुक्रवारी भलाथोरला गठ्ठा भरून गृहपाठ देत, आणि या दोन्ही घरांना त्याचंच कौतुक. सगळ्यांनी मिळून प्रिन्सिपलच्या मागे लागून हे जमवून आणलं होतं. जमलं म्हणून आज लाडू गोड लागत होते.

अक्का नऊवारीवर सुनेचा जुना कार्डिगन चढवून, भिंतीतल्या गरम हवेच्या जाळीजवळ खाली बसल्या होत्या. सोफ्यावर त्या बसत नसत. सोफ्यावर बसलं की माणूस आजारी असल्यासारखा दिसतो, असं त्यांचं मत होतं आणि ते त्यांनी सोफ्यावर बसलेल्यांना ऐकवलेलं होतं.

"म्हणजे माझ्या वाती म्हणजे टवाळकी," त्या म्हणाल्या. "देवापुढे जळतात तेव्हा नाही टवाळकी वाटत. तेव्हा डोळे मिटून हात जोडता."

"अक्का, प्लीज," विनय म्हणाला. "तुझ्या वातींचा प्रश्न नाहीये. थर्ड ग्रेडला गिफ्टेडची, म्हणजे हुशार मुलं निवडायची टेस्ट असते. त्याची तयारी आत्तापासून लागते. तुला नाही कळायचं ते."

"पोरगी बोलली रे विनय."

"बोलली ना. गुड! आता बोलायला लागलीच आहे, तर पुढचं नको का बघायला?"

"विहिरीला पाणी लागलं की खणणाऱ्यालाच हाकलून देतोस होय?"

विनयने वर पाहिलं. जिन्याच्या वरच्या पायरीवर रुही गुडघ्यात हनुवटी खुपसून बसली होती. काल तिला सोमवारचं सांगितलं तेव्हापासून तिने घरातसुद्धा शब्द काढला नव्हता.

घरात ती एरवी बोलायची, पुटपुटल्यासारखं का होईना. पण घराचा उंबरा ओलांडला की तोंडाला कुलूप. बालवर्ग तसा गेला, पहिली तशी गेली. शाळेने कान तपासले, कान ठणठणीत. मंडळाच्या गणपतीत कुणी गाल ओढून विचारलं, "काय गं, कितवीत तू?" की रुही चपलांकडे बघायची आणि रुपाली घाईघाईने म्हणायची, "सेकंड ग्रेड." रुपाली जवळ नसली की अक्का उत्तर द्यायच्या. पोरीच्या वाटचं उत्तर द्यायला घरात कायम कुणीतरी तयारच असे.

रुहीच्या आत्ताच्या बाई, नोवाकबाई, अक्कांनी पहिल्यांदा पाहिल्या त्या शाळेच्या आजी-आजोबांच्या दिवशी. विजेच्या खांबासारखी उंच बाई, पांढरे कापलेले केस, पायांत पुरुषी बूट, आणि पोरांच्या घोळक्यात सतरंजीवर फतकल मारून बसलेली. तिने रुहीला काहीतरी विचारलं आणि गप्प बसली. बसली म्हणजे बसलीच. दुसऱ्या पोराकडे वळली नाही, डोळे वटारले नाहीत, उत्तरातला अर्धा शब्दही पुढे केला नाही. वर्ग गप्प, बाई गप्प. अक्कांचा जीव नुसता तळमळला. "ही शिकवते की एसटीची वाट बघते?" त्यांनी रुपालीला भरवर्गात विचारलं, आणि रुपालीने त्यांचा हात दाबला. रुही त्या दिवशी बोललीच नाही. तरी बाईने उत्तर मिळाल्यासारखी मान डोलावली आणि पुढचं काम सुरू केलं. घरी येऊन अक्कांनी रात्रीच्या जेवणापर्यंत त्या बाईच्या पगाराचा उद्धार केला.

आणि आता या महिन्यात बाईने मुलांना सांगितलं होतं, तुमच्या हातांना जे येतं ते एकेकाने वर्गाला शिकवा. रुहीने काही न बोलता अक्कांचा निळा, गोल बिस्किटांचा डबा कापसाने भरून दप्तरात घातला. वर्गात काय झालं ते अक्कांना कळलं देवकडून, आणि तेही तक्रार म्हणून. त्याच्या वातीचा पीळ उलटा बसला, तशी रुही सगळ्यांसमोर ओरडली होती, "अशी नव्हे रे, टोणग्या!"

"शी कॉल्ड मी टोणग्या," देव म्हणाला होता. "नाऊ एव्हरीबडी कॉल्स मी टोणग्या."

अक्का तेव्हा न्हाणीघरात गेल्या होत्या, नळ सोडला होता, आणि डोळ्यांतून पाणी येईस्तोवर हसल्या होत्या. हसणं संपलं तरी डोळे थांबेनात म्हणून नळ आणखी थोडा वेळ चालू ठेवला होता. शब्द त्यांचा, हेल त्यांचा. तो त्या मुक्या पोरीच्या तोंडून भरवर्गात बाहेर पडला होता, आणि त्याला वाट करून दिली होती त्या खांबासारख्या बाईने. त्या दिवसापासून अक्का तिला 'ती उंच बाई' म्हणेनाशा झाल्या. 'नोवाकबाई' म्हणायला लागल्या.

दाराची बेल वाजली.

विनयने दार उघडलं. बाहेर नोवाकबाईच उभ्या होत्या. डोक्याला लोकरी टोपी, नाक लाल झालेलं, हातात निळा डबा. त्या काहीतरी सावकाश बोलल्या. विनयने डबा घेतला आणि उत्तर दिलं. अक्कांना इंग्रजी येत नव्हतं, पण तो सूर त्यांच्या ओळखीचा होता. नको असलेला फोन ठेवताना विनय याच सुरात बोलायचा. गोड, भराभर, आणि दर वाक्याबरोबर दार थोडं थोडं लोटत नेणारा. बाहेरचं काचेचं दार त्याने एका हाताने अर्धवट धरून ठेवलं होतं. थंडी आत येत होती. बाई आत येत नव्हत्या, कारण त्यांना कुणी या म्हटलं नव्हतं.

अक्कांना त्याच्या काखेखालून फक्त बाईंचे बूट दिसत होते. पायपुसण्यावर, बर्फाने माखलेले.

असंच एकदा त्यांना दाराच्या फटीतून फक्त वहाणा दिसल्या होत्या. बार्शीला, बापाच्या ओसरीसमोर. एका वहाणेचा अंगठा तारेने बांधलेला. जोशी गुरुजी सांगायला आले होते की पोरीला शाळेतून काढू नका, तिचं डोकं चांगलं आहे. बाप ओसरीवर सुपारी कातरत होता. "पोरगी घरात लागते," एवढं म्हणाला आणि कातरत राहिला. गुरुजींना कुणी बसा म्हटलं नाही, कुणी पाणी दिलं नाही. घरात तिला सगळे 'ए' म्हणायचे. पुरं नाव घेऊन हाक मारणारा तो एकच माणूस होता, 'अनसूया गणपत', रोज हजेरीला. वहाणा थोडा वेळ तिथेच थांबल्या, मग वळल्या. अक्कांनी ही गोष्ट नवऱ्याला सांगितली नव्हती, विनयला सांगितली नव्हती. सांगण्यासारखं त्यात काही घडलंच नव्हतं.

त्या गुडघ्यावर हात रोवून उठल्या. मांडीवरचा कापूस गालिच्यावर सांडला.

"विनय, बाजूला हो."

"अक्का, त्या फक्त डबा द्यायला आल्यात. निघाल्याच."

"डबा द्यायचा तर पोरीबरोबर पाठवला असता. त्यासाठी सुट्टीच्या दिवशी बर्फ तुडवत कुणी येत नाही." अक्कांचा आवाज चढला. "पोरीची बाई दारात काकडतेय आणि तू तिच्या तोंडावर दार धरून आभार मानतोस? एवढं शिकवलं तुला, ते घरी आलेल्या माणसाला पायपुसण्यावरून परत पाठवायला? हो बाजूला."

"अगं, गेस्ट आहेत..."

"ती कोण आहे मग? भंगारवाली?"

त्यांनी त्याला खांद्याने सरकवलं आणि काचेचं दार सताड उघडलं.

"कम," त्या म्हणाल्या. "कम. सीट."

हे दोन शब्द त्या शेजारचा माणूस आपल्या कुत्र्याला दरडावतो ते ऐकून शिकल्या होत्या. रुपालीने कपाळाला हात लावला. नोवाकबाईंनी अक्कांकडे पाहिलं, दाराशी पडलेला चपलांचा ढीग पाहिला, आणि वाकून बूट काढले. एका मोज्यातून अंगठा बाहेर आला होता. त्या आत आल्या आणि रुपाली सोफ्याकडे हात करत असतानाच, अक्कांच्या जागेपाशी, सांडलेल्या कापसाशेजारी खाली मांडी घालून बसल्या.

सोफ्यावरच्या रेणूला कळेना, पाय खाली ठेवावेत की वर घ्यावेत. केदार तिळाच्या लाडवाकडे असा बघायला लागला जणू त्यावर काही लिहिलेलं आहे. विनयने घसा साफ करून हवापाण्याचं काहीतरी इंग्रजीत सुरू केलं.

"तू गप्प," अक्का म्हणाल्या. "रुही, खाली ये."

रुही कठड्याला धरत एकेक पायरी उतरली आणि शेवटच्या पायरीवर थांबली.

"बाईंना विचार, चहात साखर किती घालू?"

"अक्का, मी विचारते ना," रुपाली पुढे झाली. "कशाला उगाच तिला..."

अक्कांनी हात वर केला. तळव्याला कापसाचे तंतू चिकटले होते. रुपाली जागच्या जागी थांबली. रेणूने तोंड उघडलं, तर हात तिच्याकडे वळला.

भिंतीतली हवा घरघरत सुरू झाली आणि बंद पडली. रुही गालिच्याकडे बघत होती. अक्कांच्या जिभेवर सगळं येऊन बसलं होतं. बोल की गं, साखर तर विचारायची आहे, जीभ झिजते का, माझ्या नातीला शोभतं का हे? त्यांनी दात आवळून धरले. नोवाकबाईंकडे पाहिलं. बाई त्या दिवशी बसल्या होत्या तशाच बसल्या होत्या. घाई नाही, कसली अपेक्षासुद्धा नाही. दिवस पडला आहे समोर, आणि आपल्याला दुसरीकडे कुठे जायचं नाही. अक्का त्यांच्या समोर खाली बसल्या. हात मांडीवर ठेवले. एसटीची वाट बघावी तशा बसल्या.

"माय ग्रँडमा इज आस्किंग," रुही गालिच्याला म्हणाली, "हाउ मच शुगर."

मग तिने मान वर केली. पुढचं ती बाईंकडे बघून बोलली, आणि ते जिन्याच्या वरपर्यंत ऐकू गेलं.

"अँड आय ॲम कमिंग ऑन मंडे. टू युअर रूम."

केदारने कप खाली ठेवला. रेणू रुहीकडे बघतच राहिली. इतक्या वर्षांच्या जाण्यायेण्यात तिने हा आवाज कधी ऐकलाच नव्हता. अक्कांना त्यातला एक 'मंडे' तेवढा कळला. त्या दिवशी कचऱ्याची गाडी येते म्हणून तो त्यांना पाठ होता.

नोवाकबाईंनी मान वळवून विनयकडे पाहिलं. मग रुहीने पाहिलं, रुपालीने पाहिलं. अक्कांनीही पाहिलं, आणि बोलायला इतकं असून त्या एक अक्षर बोलल्या नाहीत.

विनयच्या हातात डबा तसाच होता. त्याने झाकण उगाच एकदा उघडून आत पाहिलं. आत वाती होत्या, आखूड, लांब, फुगलेल्या, पीळ सुटलेल्या, कितीतरी हातांच्या. त्याने झाकण लावलं. तो जिन्यापर्यंत चालत गेला आणि डबा रुहीच्या हातात दिला.

"दप्तरात ठेव," तो म्हणाला. "नाहीतर सोमवारी विसरशील."

आता नोवाकबाई रुहीकडे वळून म्हणाल्या, "टू, प्लीज."

"दोन," रुही म्हणाली.

अक्का स्वयंपाकघरात गेल्या आणि त्यांनी तीन चमचे घातले.