करंगळीतली काच

मान आहे पण धड नाही, अशी मी एक जुनी काच आहे, मित्रांनो. हसू नका. खोकल्याच्या औषधाची बाटली होते तेव्हा माझी मला ओळख होती. आता कुणी विचारलं, तू कोण, तर मीच गोंधळते.

मिसिसिपीच्या कापसाच्या मुलखात लव्ही गॅदर्स नावाच्या तरुण बाईने माझ्या मानेभोवती रॉकेलात भिजवलेला दोरा गुंडाळला, पेटवला आणि लगेच मला गार पाण्यात बुडवलं. टच! धड बादलीच्या तळाशी गेलं, मान तिच्या हातात आली. मला वाटलं, संपलं सगळं. पण तिने मला दगडावर घासून गुळगुळीत केलं, डाव्या करंगळीत घातलं आणि गिटारच्या तारांवरून सरकवलं. तर काय, रडण्याचा आवाज! कोण रडलं, तार की मी, हे मला आजही सांगता येणार नाही.

पुढची अकरा वर्षं आम्ही दर शनिवारी कामाला जायचो. नाचायला जागा व्हावी म्हणून कुणाच्या तरी घरातलं सामान अंगणात काढायचे, मासे तळायचे आणि मध्ये खुर्ची टाकून लव्ही ब्लूज गायची. आवाज इतका खर्जातला, की बाहेरच्याला वाटावं पुरुषच गातोय. गाणं काय, तर माणूस सोडून गेला, पुराने घर नेलं. आणि लोक नाचायचे! "लव्ही, अजून रडव गं!" असं ओरडून खो-खो हसायचे. अहो, ही काय दुःख ऐकायची रीत झाली? मला काही उमगत नसे, पण मजा मात्र फार यायची.

एकदा नवरा लेम्युएल तिला गाडीने मेंफिसला घेऊन गेला. तिथे एका खोलीत यंत्रापुढे तिने दोन गाणी म्हटली. तबकडी निघाली. तिच्यावर छापलं होतं, 'एल. गॅदर्स'. बस्स, एवढंच.

मग तिची थोरली बहीण वारली आणि लव्हीने नदीत बाप्तिस्मा घेतला. पाद्रीबाबांनी बजावलं, "ब्लूज सैतानाचं गाणं. एक तर ते, नाही तर चर्च." गिटार शिकागोच्या भाच्याकडे गेली. मला तिने फेकलं नाही, वापरलंही नाही. बटणांच्या डब्यात ठेवलं. काम करताना ती तेच जुने सूर गुणगुणायची, फक्त 'सख्या'च्या जागी 'प्रभू' म्हणायची. मग शनिवारचं पाप रविवारी पुण्य कसं झालं? सत्तावीस वर्षं मी बटणांना विचारत होते. बटणं काय सांगणार, कपाळ!

तोवर लव्ही चर्चमधली मानाची बाई झाली होती. पांढरा झगा घालून पहिल्या बाकावर बसायची. लेम्युएलही तिथला कारभारी झाला होता, पाद्रीबाबांच्या शेजारी त्याची खुर्ची असे. गिटारला हात लावला तर तो बाक गेला, हे लव्हीला पक्कं ठाऊक होतं.

एका दुपारी ती ओसरीवर लेम्युएलच्या सदऱ्याला बटण लावत होती. लेम्युएल तिथेच खुर्चीत बसला होता, शेजारची ओझेला चवळीच्या शेंगा सोलत होती. उत्तरेकडची एक गाडी येऊन थांबली. वॉरन नावाचा गोरा तरुण उतरला, काखेत तबकडी, हातात गिटार.

"एल. गॅदर्स म्हणजे आपणच का, साहेब?" त्याने लेम्युएलला विचारलं.

मित्रांनो, लेम्युएल सहासष्ट वर्षांचा होता. तो काळा, म्हणून गोऱ्या माणसांनी त्याला आजवर 'ए पोरा' म्हटलं होतं, केस पिकल्यावर 'ए म्हाताऱ्या'. साहेब कुणीच नाही. त्याची पाठ ताठ झाली.

"हो," तो म्हणाला, "मीच तो. लेम्युएल गॅदर्स."

लव्हीची सुई थांबली. तिने तोंड उघडलं, त्याच्या ताठ पाठीकडे पाहिलं आणि मिटलं.

"अगं लव्हीताई," ओझेला कुजबुजली, "हे कधीपासून गायला लागले? चर्चमध्ये आमेनसुद्धा बेसूर म्हणतात!"

"गप बस गं. शेंगा सोल."

वॉरनने वाजवण्याचा आग्रह धरला. लेम्युएलने संधिवाताचं कारण सांगितलं. "मग मीच वाजवतो. चुकलं तर सांगा, साहेब." आणि तो वाजवू लागला. अरे देवा! तारा सगळ्या आवळलेल्या, बोटात लोखंडी नळी. मला डब्यातल्या डब्यात शिसारी आली.

"वा, हुबेहूब!" लेम्युएल म्हणाला.

"मग तुमची पद्धत म्हणून पुस्तकात हे असंच छापतो," वॉरन आनंदाने म्हणाला.

लव्हीला सुई टोचली.

"थांब, बाळा. तारेचा गळा कशाला दाबतोस? ही सैल कर. हीसुद्धा. राहू दे, आण इकडे."

तिने डब्यात हात घातला. बटणं ओसरीभर उधळली. करंगळीचं पेर सुजलं होतं, मी अडकले. तिने थुंकी लावून मला पुढे ढकललं. आणि ती गायली. तबकडीतलाच आवाज, जरा फाटलेला. ओझेलाच्या मांडीवरच्या शेंगा खाली सांडल्या.

लेम्युएल उठला. टोपी काढली, आपली खुर्ची तिच्याकडे सरकवली. "एल. म्हणजे ती. मी नुसती गाडी चालवली होती."

वॉरन लालबुंद झाला. "माफ करा, बाईसाहेब! मग तू, लेम्युएल, तू का..."

लव्हीने तारांवर हात ठेवला.

"मला काय म्हणायचं ते म्हण," ती म्हणाली. "पण यांना साहेब म्हणायचं सोडायचं नाही. कबूल असेल तर पुढचं गाणं."

वॉरनने मान खाली घातली. "चुकलो, साहेब," तो लेम्युएलला म्हणाला. मग ती गायली.

मित्रांनो, मी पापाची की पुण्याची, हा घोळ अजून सुटलेला नाही. जुनी वस्तू हाती आली तर तिचा धनी कोण, हे ठरवायची घाई करू नका. घरात कोपऱ्यात बसून कुणी बटण लावत असेल, त्यालाही विचारा. एवढीच विनंती.

गोष्ट पाद्रीबाबांच्या कानावर गेली आणि लव्हीचा बाक गेला. त्या रविवारी ती शेवटच्या बाकावर जाऊन बसली, मी तिच्या पर्समध्ये. पाद्रीबाबांनी प्रार्थना सुरू केली. तेवढ्यात पुढची एक खुर्ची करकरली. लेम्युएल सगळ्या चर्चच्या डोळ्यांदेखत चालत मागे आला आणि म्हणाला, "अगं, जरा सरक की."