फाटकाला बांधलेली उडीची दोरी

मी उडीची दोरी बोलतेय, आणि जरा घाईतच बोलतेय. माझे पीळ सुटत चाललेत आणि मधली सुट्टी तोंडावर आली आहे.

मला वळलं ते पोरींच्या पायांखालून सपकन जाण्यासाठी. या सरकारी शाळेत आले तेव्हा खेळाच्या कपाटात माझी मोठी ऐट होती. मग एके दिवशी लोखंडी फाटकाची वरची बिजागरी तुटली. मोठ्या बाईंनी, म्हणजे मुख्याध्यापिकांनी, मला काढलं आणि फाटक खांबाला बांधून टाकलं. म्हणाल्या, दोन दिवसांचा तर प्रश्न आहे.

कसले दोन दिवस! वस्तू केवढीही असो, तीन दुकानांची कोटेशनं हवीत, असा नियम. शाळेचे कारकून भाऊ हेलपाटे घालून मेटाकुटीला आले. दोघांनी कागद दिला. तिसरा दुकानदार म्हणाला, एका बिजागरीसाठी मी शिक्के मारत बसू का? मी तिथंच लटकत राहिले. तात्पुरतं बांधलेलं टिकलं की माणसं त्याच्याकडे ढुंकूनही बघत नाहीत.

बघतात फक्त पहिलीतली पोरं. ती फाटकावर चढून झोके घेतात आणि माझा एकेक धागा तुटतो. मी फार घाबरते. फाटक पडलं तर कुणावर पडेल, ते मला इथून स्पष्ट दिसतं.

गेल्या आठवड्यात कारकून भाऊ हसतच आले. नवं परिपत्रक निघालं होतं. किरकोळ वस्तू शाळेनं थेट घ्याव्यात, एक पावती पुरे. माझ्या जिवात जीव आला. मोठ्या बाईंचा चेहरा मात्र उतरला. आधीच्या शाळेत थेट विकत घेतलेल्या एका कुलपापायी त्यांची चौकशी झाली होती.

"आज नाही लागत हो कोटेशनं," त्या हळूच म्हणाल्या. "उद्या तपासणीला नवे साहेब आले आणि म्हणाले, हेच दुकान का? मग मी काय सांगू? तिसरं येऊ दे."

मला त्यांचा राग आला आणि कीवही आली. आम्ही दोघीही घाबरटच.

झाली घंटा. आलीच पोरं. सगळे जिला चिमणी म्हणतात ती पहिलीतली पोरगी वरच्या गजावर चढली आहे. माझी गाठ सरकतेय. फाटक कलतंय, मला धरवत नाही.

मोठ्या बाई व्हरांड्यातून धावत आल्या आणि त्यांनी फाटकाला खांदा दिला. चिमणी उतरून पळाली. मागोमाग आलेले कारकून भाऊ चाचरत म्हणाले, "बाई, ते तिसरं कोटेशन..."

"राहू द्या ते. जे दुकान उघडं दिसेल तिथून बिजागरी आणा. कुणी विचारलं तर माझं नाव सांगा."

भाऊ गेलेत. बाईंच्या खांद्याला गंज लागलाय. भाऊ, तुमच्या पाया पडते, वाटेत कुणाशी बोलत थांबू नका. बाई अजून घाबरलेल्याच आहेत आणि मीही. पण आम्ही दोघींनी फाटक सोडलेलं नाही.